नारळीकरांचा एच-इंडेक्स किती?

२० मे २०२५ रोजी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर पुण्यात वारले. आठवडाही उलटला नव्हता, तोच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाइलवर एक चित्र पाठवलं. नारळीकरांचे पेपर किती, त्यांना सायटेशन (इतर संशोधकांनी आपल्या पेपरांत घेतलेले संदर्भ) किती, एच-इंडेक्स किती, आणि खाली एक ओळ: 'मग एवढं कौतुक कशाचं?' त्याला आलेली उत्तरंही त्याने पाठवली होती. त्यांत आकड्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. 'आइन्स्टाइनला आव्हान देणारा मराठी माणूस', 'गोऱ्यांनी मुद्दाम नोबेल दिलं नाही', असा सगळा सूर. एका बाजूने बेरीज आणि दुसऱ्या बाजूने आरती. इतक्या लोकांत नारळीकरांचा एखादा पेपर उघडून बघितलेला कुणीच दिसला नाही, याचं मला फार वाईट वाटलं. हा वाद एका माणसापुरता असता तर सोडून दिला असता. पण याच आकड्यांवर आज आपल्याकडे प्राध्यापक नेमले जातात, बढत्या ठरतात, पीएचडीचे मार्गदर्शक ठरतात. म्हणून लिहितो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सायटेशन हा पेपर किती वापरात आला याचा हिशेब आहे. तो हिशेब खोटा नाही, पण तो लिहिणाऱ्याच्या बुद्धीचा किंवा कामाचा हिशेब नव्हे. खगोलशास्त्रज्ञाचं काम तोलायचं असेल तर ते वाचावं लागतं. आणि नारळीकरांच्या बाबतीत त्यांचा मुख्य सिद्धांत हरला हे मोकळेपणाने कबूल केल्याशिवाय त्यांचं मोठेपण सांगताच येत नाही.

एच-इंडेक्स म्हणजे काय, हे अनेकांना ऐकून माहीत असतं. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली तो सुचवला. तुमच्या २० पेपरना प्रत्येकी निदान २० सायटेशन असतील आणि २१ पेपरना २१ नसतील, तर तुमचा एच-इंडेक्स २०. सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच ते पसरलं. खगोलशास्त्रात तर ते फारच सोयीचं झालं, कारण या विषयाचं जवळजवळ सगळं वाङ्मय नासाच्या एडीएस या सूचीत एका ठिकाणी आहे. नाव टाका, एक बटण दाबा, सगळी कुंडली समोर.

आता ही कुंडली काय सांगते ते पाहू. १९९८ साली श्लेगल, फिंकबायनर आणि डेव्हिस या तिघांनी आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा नकाशा प्रसिद्ध केला. कुठल्याही दूरच्या दीर्घिकेची, म्हणजे दुसऱ्या आकाशगंगेची, तेजस्विता मोजायची तर वाटेतल्या धुळीने किती प्रकाश खाल्ला ते वजा करावं लागतं, आणि त्यासाठी हा नकाशा लागतो. साहजिकच खगोलशास्त्रातल्या सर्वाधिक सायटेशन मिळवणाऱ्या पेपरांमध्ये त्याची गणना होते. काम उत्तम आहे, उपयोगी आहे. पण तो नकाशा मिळवलेल्या सायटेशनच्या हिशेबाने कृष्णविवरावरच्या एखाद्या मूलगामी पेपरपेक्षा दसपट मोठा ठरतो का? घरोघरी पंचांग उघडतात, ज्ञानेश्वरी तितक्या घरांत उघडली जात नाही. यावरून कोणी काही ठरवत नाही.

पंचांगावरून वेंकटेश बापूजी केतकर आठवतात. बागलकोटला शाळेत शिकवणारा हा गृहस्थ. 'ज्योतिर्गणित' हा ग्रहगणिताचा ग्रंथ त्यांनी संस्कृतात लिहिला, आणि त्यांच्या कोष्टकांवरून पुढे पंचांगं तयार झाली. म्हणजे त्यांचं गणित किती घरांत भिंतीवर टांगलं गेलं याला मोजदाद नाही. पण पंचांगवाला तळटीप देत नाही, त्यामुळे सूचीत केतकर जवळपास नाहीतच. वापर हेच माप धरलं तरीसुद्धा, इंग्रजी पेपरच्या शेवटी नोंदलेला वापर तेवढाच मोजला जातो.

आणखी एक गोष्ट. सायटेशनला अधिक-उणे चिन्ह नसतं. 'यांनी दाखवल्याप्रमाणे' आणि 'यांचं म्हणणं टिकत नाही', दोन्ही एकेकच. शिवाय वाटणीही नसते. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या यंत्रणेने गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातच उठणारा तरंग, पकडली. त्या पेपरवर हजाराहून जास्त नावं आहेत, आणि एच-इंडेक्स काढताना त्यातल्या प्रत्येकाच्या खात्यावर तो पेपर पूर्ण जमा होतो. नारळीकर ज्या पिढीचे, त्या पिढीत दोघांनी मिळून फळ्यासमोर उभं राहून पेपर लिहायचे. या दोन खात्यांची बेरीज शेजारी शेजारी ठेवणं म्हणजे शेरात मोजलेलं धान्य आणि क्विंटलात मोजलेलं धान्य एकाच वहीत मांडणं आहे.

आता नारळीकरांच्या टीकाकारांचा खरा मुद्दा घेतो, कारण तो आरती करणाऱ्यांनी टाळला आहे. विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावतं पण नवं द्रव्य सतत निर्माण होत राहिल्याने त्याचं रूप बदलत नाही, हा स्थिर स्थिती सिद्धांत. बाँडी, गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी तो १९४८ मध्ये मांडला, आणि हॉइलचे विद्यार्थी असलेल्या नारळीकरांनी केंब्रिजमध्ये त्याला गणिती पाठबळ दिलं. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सगळ्या दिशांनी येणारं सूक्ष्मलहरी प्रारण सापडलं, आणि पारडं महास्फोटाकडे, म्हणजे विश्वाला उष्ण आरंभ होता या मताकडे, झुकलं. कोबे उपग्रहाने १९९० मध्ये त्या प्रारणाचा वर्णपट इतका अचूक दाखवला की बहुतेकांच्या लेखी निकाल लागला. तरी १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सिद्धांताची सुधारित आवृत्ती आणली. लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी ताऱ्यांचा प्रकाश शोषून तेच प्रारण तयार केलं असावं, असा त्यांचा खुलासा होता. मला तो पटलेला नाही, फारच थोड्यांना पटला. ज्या गाडीत कोणी चढलं नाही त्या गाडीच्या तिकिटांची संख्या कमीच असणार. तेव्हा आकडा इथे काहीतरी खरं सांगतो, हे मी मान्य करतो. मराठी माणूस म्हणून हे झाकून ठेवणं नारळीकरांनाही आवडलं नसतं. पुरावा हा त्यांचा धर्म होता.

पण 'हरलेला' म्हणजे 'वाया गेलेला' का? १९६१ मध्ये केंब्रिजचेच खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी आकाशातून रेडिओ लहरी पाठवणाऱ्या स्रोतांची मोजणी जाहीर केली. हिशेब असा: स्रोत अवकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले असतील, तर एक चतुर्थांश तेजापर्यंत खाली गेल्यावर त्यांची संख्या आठपट व्हायला हवी. स्थिर स्थितीच्या विश्वात ती आठपटीहून थोडी कमीच भरते. राइलना ती सुमारे बारापट मिळाली. मंद स्रोत म्हणजे दूरचे, दूरचे म्हणजे जुन्या काळातले. म्हणजे पूर्वी स्रोत जास्त होते, विश्व बदललं आहे, सिद्धांत खोटा. हॉइल आणि संशोधनाला नुकतेच लागलेले बावीस वर्षांचे नारळीकर यांनी त्याच वर्षी उत्तर लिहिलं. त्यांचा मुद्दा होता, की स्रोत सारखे विखुरलेले आहेत हे कशावरून? मोठ्या पल्ल्यावरही दाट आणि विरळ प्रदेश असतील, आणि आपण एखाद्या विरळ प्रदेशात असू, तर मोजणी अशीच दिसेल. त्या काळी इतक्या मोठ्या विरळ जागांची कल्पना ओढूनताणून आणलेली वाटली. पुढे १९८१ मध्ये भूतप नक्षत्राच्या दिशेला प्रचंड पोकळी सापडली, दीर्घिकांचे महासमूह सापडले, आणि आज विश्वाचं चित्र काढायचं तर पोकळ्या आणि तंतूंचं जाळंच काढतात. या उत्तराने स्थिर स्थिती वाचली नाही. पण एका चुकीच्या सिद्धांताचा बचाव करताना एका तरुणाने विचारलेला प्रश्न बरोबर होता. कुठल्या रकान्यात भरायचं हे?

आणि हे एकच उदाहरण नाही. महास्फोटातला उष्ण आरंभ नाकारला, तर कार्बन, ऑक्सिजन, लोह ही मूलद्रव्यं कुठे शिजली हे सांगावं लागतं. तारे हेच उत्तर उरतं. ते शोधताना हॉइल यांनी १९५३ मध्ये कार्बनच्या अणुगर्भाला एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे असं भाकीत केलं, आणि प्रयोगात ती सापडली. १९५७ मध्ये बर्बिज पती-पत्नी, फाउलर आणि हॉइल यांचा तो शंभरावर पानांचा पेपर आला. आपल्या रक्तातलं लोह ताऱ्यांत घडलं, हे आज शाळेतल्या मुलांना सांगतो ते तिथून आलेलं आहे. चुकीच्या विश्वचित्राच्या पोटी इतकं बरोबर विज्ञान जन्मलं. फक्त जिंकणाऱ्यांनाच गुण द्यायचे ठरवलं असतं, तर अशा वाटेला कोण गेलं असतं?

आता मोजणाऱ्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो परदेशी नाही, आपल्याच मातीतला आहे, आणि मी तो पंचवीस वर्षं शिकवताना अनुभवला आहे. आकडा काढून घेतला तर उरतं काय? वशिला. संस्थाचालकांचा भाचा, अमक्या साहेबांची चिठ्ठी. आडगावच्या कॉलेजात स्वतःच्या पैशाने इंटरनेट घेऊन काम करणाऱ्या पोरीजवळ दुसरं काय आहे? तिच्या पेपरला अनोळखी लोकांनी दिलेली चाळीस सायटेशन, एवढीच तिची ढाल. 'वाचून ठरवा' म्हणणं म्हणजे 'आमच्या मर्जीने ठरवा' असं म्हणणं होईल, अशी भीती मला एका तरुण सहकारी बाईंनी बोलून दाखवली. त्यांना मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. हा मुद्दा हसण्यावारी नेणाऱ्याने कधी मुलाखतीच्या रांगेत वाट पाहिलेली नसते.

पण ढाल खरंच तिच्याच हातात राहिली का? २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एपीआय नावाचे गुण आणले. पेपरला गुण, गुणांवर बढती. त्यापाठोपाठ पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून देणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. यूजीसीनेच मान्य केलेल्या यादीतून २०१८ साली चार हजारांहून जास्त नियतकालिकं काढून टाकावी लागली. सायटेशनचंही तेच: तू माझं दे, मी तुझं देतो. ज्याचा गोतावळा मोठा, त्याचा आकडा मोठा. वशिला गेला नाही, त्याला दशांश चिन्ह लागलं. आडगावच्या त्या पोरीला गोतावळाही नाही आणि छापायला पैसेही नाहीत.

एका निवड समितीत मी बसलो होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही. टेबलावर सात उमेदवारांच्या फायली होत्या, प्रत्येक फायलीला जाड रबर लावलेलं, आत स्टेपल केलेल्या पेपरांच्या प्रती. लिपिकाने आधीच एक तक्ता केला होता: नाव, पेपर, सायटेशन, एच-इंडेक्स, एकूण गुण. सकाळी अकराला बैठक सुरू झाली आणि दीड वाजता जेवायला उठलो. पाच फायलींचं रबर निघालंच नव्हतं. त्यांतल्या एकाने बदलत्या ताऱ्यांची निरीक्षणं सहा वर्षं एका लहान दुर्बिणीवर नेटाने घेतली होती. मी ते परत जाताना गाडीत वाचलं, निर्णयानंतर. आपण किती मोठा अन्याय करून आलो, ते तेव्हा कळलं, आणि बैठकीतच रबर काढलं नाही याची बोच आजही आहे.

मोजणीवाले इथे खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचं उदाहरण देतात. ११ जानेवारी १९३५ ला लंडनमध्ये त्या काळचे बडे खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी भर सभेत चोवीस वर्षांच्या चंद्रशेखरांच्या सिद्धांताची टर उडवली. ठरावीक वस्तुमानापलीकडचा तारा श्वेत बटू (इंधन संपल्यावर उरणारा लहान, दाट तारा) म्हणून स्थिरावू शकत नाही, हे एडिंग्टनना मान्य नव्हतं. बघा, म्हणतात, एका बड्या माणसाच्या मतावर सोडलं की असं होतं. खरं आहे. पण त्या वेळी आकडा असता तर त्याने वाचवलं असतं का? एडिंग्टनचा शब्द ऐकून लोकांनी त्या निष्कर्षाला हात लावणं टाळलं असेल, तर सायटेशन कुठून आली असती? आकडा हा त्याच समाजाच्या मताची बेरीज असतो. पाटील ज्या बाजूला, तिकडेच ती झुकते. उलट त्या प्रकरणात बरोबर कोण ठरलं ते पाहा. नील्स बोर आणि पाउली या भौतिकशास्त्रज्ञांनी मुद्दा नीट पाहिला होता, आणि चंद्रशेखर बरोबर आहेत हे त्यांना कळलं होतं. जाहीरपणे बोलायला मात्र ते पुढे आले नाहीत. म्हणजे वाचणाऱ्यांचा निर्णय तेव्हाच अचूक होता, धैर्य कमी पडलं. चंद्रशेखरांना नोबेल मिळालं १९८३ मध्ये.

काळाचा हा प्रश्न खगोलशास्त्रात फार टोकाचा आहे. सी. व्ही. विश्वेश्वरा या भारतीय भौतिकशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दाखवलं की कृष्णविवराला धक्का बसला तर ते घंटेसारखं निनादतं आणि तो नाद झपाट्याने विरतो. तेव्हा कृष्णविवर हा शब्दही नवा होता. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर गोंगाटातून गुरुत्वीय लहरींचा संकेत वेगळा काढण्याचं गणित करू लागले, तेव्हा अशी लहर आपल्या हयातीत सापडेल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. सत्यप्रकाश यांच्याबरोबरचं त्यांचं काम १९९१ चं. संकेत आला २०१५ मध्ये, आणि त्याच्या शेपटीला विश्वेश्वरांनी सांगितलेला निनाद होता. पंचेचाळीस वर्षं. आपला बढतीचा अर्ज मागच्या काही वर्षांचं काम मागतो.

आणि जे काम पेपरमध्ये उतरतच नाही, त्याचं काय? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला मुलांना नेतो तेव्हा आधी द्राक्षबागा लागतात, मग एकदम ४५ मीटर व्यासाच्या थाळ्या. अशा तीस, २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. जवळ गेलं की लक्षात येतं, थाळी भरीव नाहीच. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी, दोरखंडांच्या सांगाड्यावर ताणलेली, आरपार ढग दिसतात. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी, ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांची युक्ती. दुर्बिणीची माहिती देणाऱ्या स्वरूपांच्या पेपरला ती वापरणारे सायटेशन देतात, हे मी नाकारत नाही. पण त्या थाळीखाली उभ्या असलेल्या तंत्रज्ञाने माझ्या मुलांना सांगितलं की पावसाळ्यात बिघाड झाला की रात्री-बेरात्री टॉवरवर चढावं लागतं. त्या रात्रीच्या निरीक्षणातून ज्याचा पेपर निघतो त्याचा एच-इंडेक्स वाढतो.

नारळीकरांचंही मोठं काम असंच सूचीबाहेरचं आहे. १९७२ मध्ये केंब्रिज सोडून ते मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले. १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी राहिली, आणि २००३ पर्यंत ते तिचे संचालक होते. आयुकाची खरी किमया तिथल्या शास्त्रज्ञांपुरती नाही. विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांना तिने दार उघडून दिलं: या, राहा, ग्रंथालय वापरा, संगणक वापरा, इथल्या माणसांशी भांडा, आणि परत जाऊन शिकवा. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे दोन आठवडे राहिलो आहे. आमच्या कॉलेजात ज्या नियतकालिकांची नावंही कुणाला ठाऊक नव्हती, त्यांचे अंक रात्री नऊ वाजता हातात घेऊन बसता येत होतं. पुढच्या पिढीतले विश्वशास्त्रज्ञ थनू पद्मनाभन टीआयएफआरमध्ये त्यांच्याच हाताखाली पीएचडी झाले. आणि २००८ मध्ये, नरेंद्र दाभोलकर आणि इतरांच्या सोबतीने, त्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद ते सांगितलं, आणि उत्तरं सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून यापेक्षा बरं जमलं असतं. विश्वरचनेच्या सूचीत त्या लेखाला काय किंमत? पण लग्नाआधी पत्रिका अडकलेल्या किती मुलींच्या घरी तो आकडा बोलला गेला असेल.

त्या सहकारी बाईंचा प्रश्न मात्र शिल्लक आहे: वशिला कसा टाळायचा? याचं उत्तर मला नारळीकरांच्याच एका कृतीत सापडलं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं उलटी केलेली. पद्मभूषण मिळालेला माणूस म्हणून कुणी झुकतं माप देऊ नये, कथा म्हणून वाचावी, एवढीच इच्छा. कथेला पहिला क्रमांक मिळाला. अनोळखी जगतापांची पूर्वीची एकही कथा कुणाला ठाऊक नव्हती. परीक्षकांना वाचण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

हे कथेपुरतं राहिलेलं नाही. हबल दुर्बिणीचा वेळ वाटणाऱ्या समित्यांनी २०१८ मध्ये अर्जांवरची नावं झाकली. कुठल्या विद्यापीठाचा, कोणाचा विद्यार्थी, आधी किती पेपर, काही कळेना. चर्चा माणसावरून प्रस्तावावर आली, आणि त्या फेरीत स्त्रियांच्या प्रस्तावांचं यशाचं प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित वर गेलं. त्याआधीच्या अनेक फेऱ्यांमध्ये ते सातत्याने खाली होतं. म्हणजे आडगावच्या पोरीला वाचवायला आकडाच लागतो असं नाही. नाव झाकलं, आणि झाकल्यावर वाचलं, तर तेही होतं. यात कष्ट आहेत, हे खरं. सात फायली, प्रत्येकीतले दोन पेपर, तीन परीक्षक, एक आख्खा दिवस. एका माणसाला तीस वर्षांची नोकरी देताना एक दिवस जास्त आहे का?

आमच्या विभागाच्या पुढच्या निवडीसाठी मी तसा लेखी प्रस्ताव दिला आहे. प्रत्येक उमेदवाराने आपले दोनच पेपर निवडावेत, पहिलं पान झाकून ते परीक्षकांकडे जावेत, आणि आकड्यांचा तक्ता शेवटी उघडावा. त्यावर पहिली सही त्या सहकारी बाईंची आहे.

आणि ज्याने ते चित्र पाठवलं होतं त्या विद्यार्थ्याला मी उलट संदेश केला नाही. हॉइल-नारळीकरांचा १९६१ चा तो पेपर छापून त्याच्या घरी नेऊन दिला. परवा त्याचा फोन आला. चौथ्या पानावर अडला आहे. स्थिर स्थितीच्या विश्वात स्रोत आठपटीहून कमी का भरतात ते त्याला लावता येत नाहीये. शनिवारी दुपारी येतो म्हणाला, वही घेऊन.